जावईबापूंचं पथ्य

माझ्या धाकटीने लग्न केलं नाही, पण जावई मात्र माझ्या गळ्यात बांधून गेली. वीतभर लांब, काळाकुट्ट, अंगावर निखाऱ्यासारखे नारिंगी पट्टे. ऑस्कर जातीचा मासा. तिने त्याचं काहीतरी गोड नाव ठेवलं होतं, ते माझ्या जिभेवर बसेना. दिवसभर काचेच्या टाकीत आयतं बसून राहायचं, मनासारखं वाढलं नाही की तोंड फिरवायचं आणि घरातल्यांनी पुढ्यात उभं राहून "घ्या ना, घ्या" करायचं. याला दुसरं काय म्हणणार? मी जावईबापू म्हणायला लागले. सुनेला हसून हसून ठसका लागला. त्याच टाकीत एक सकर मासा होता, काचेला तोंड चिकटवून शेवाळ चाटत फिरणारा. काहीही पडलं तरी मुकाट्याने खायचा, पण बाहेर काय चाललंय ते डोळे वटारून बघत बसायचा. ती विहीणबाई.

धाकटी पूल तपासते. पुलाच्या पोटाखाली पाळण्यात बसून भेगा मोजायच्या, हे तिचं काम. आठ महिन्यांपूर्वी तिची बदली झाली. गाडीने एक रात्र आणि वर अर्धा दिवस, एवढं लांब. तिथे दोघींत मिळून एक खोली, टाकी ठेवायला जागा नाही, म्हणून जावई माझ्याकडे.

निघताना भांडण झालंच. मी डब्यात उकडलेल्या भाज्या आणि अंडी भरून दिली होती. तिने झाकण उघडून बघितलं आणि परत लावलं. म्हणाली, "आई, तुझ्या हाताखाली माणूस असतो कुठे? सगळे पेशंटच."

"मग जा, खा बाहेरचं चमचमीत," मी म्हणाले. "पोट धरून बसलीस की मला फोन करू नकोस."

तिने ते मनावर घेतलं असावं. पंधरा दिवसांतून एकदा, रविवारी फोन. बरी आहेस ना, बरी आहे, तू, मी बरी. तीन मिनिटं. मीही आपणहून कधी केला नाही. फोन लहानांनी करायचा, ही माझी रीत, आणि माझी रीत मी कुणासाठी मोडत नाही.

पेशंट म्हणाली ते मात्र खोटं नव्हतं. मी एकतीस वर्षं इस्पितळाच्या स्वयंपाकघरात काढली, त्यातली शेवटची चौदा मोठ्या बाई म्हणून. शाळा माझी चौथीत सुटली, पण तिथे ताटांना बिल्ले असायचे. लाल म्हणजे मीठ बंद, पिवळा म्हणजे साखर बंद, निळा म्हणजे सगळं पातळ. बिल्ले वाचायला शाळा लागत नाही. तीनशे ताटं दोन्ही वेळा, आणि एकतीस वर्षांत लाल बिल्ल्याच्या ताटात मिठाचा कण गेला नाही. रुसले, रडले, ताट भिरकावलं, एकाने तर मला भोपळ्याची फोड फेकून मारली. मी ती उचलून टाकली, नवीन वाढली. खाल्ली त्याने. आवडीचं विचारायला मी काय त्याची मैत्रीण होते?

तर अशी मी. आणि एका मंगळवारी संध्याकाळी सात वाजता धाकटीचा फोन आला. रविवार नव्हता, म्हणून मी हातातलं काम टाकून धावले.

"आई, मला स्वतंत्र घर मिळालं. तळमजला. टाकी मावेल." मग थांबून म्हणाली, "दादाने फोटो पाठवला. त्याच्या डोक्याला खड्डे पडलेत, तू बघितलंस का?"

मी बघितले होते. डोळ्यांच्या वर, टाचणीने टोचल्यासारखे तीन-चार. मला वाटलं, त्याची जातच तशी.

दुसऱ्या दिवशी चष्मेवाल्याकडे गेले. दोन गल्ल्या सोडून त्याचं पाळायच्या माशांचं दुकान; जाड चष्म्यामुळे मी त्याला चष्मेवालाच म्हणते. जमीन कायम ओली, भिंतीला चाळीस टाक्या, आणि सगळ्या पंपांची मिळून एकच गुणगुण. त्याने माझ्या फोनमधला फोटो चष्मा वर करून पाहिला.

"मावशी, हा काय खातो?"

"लाल अळ्या. गोठवलेल्या वड्या मिळतात तुमच्याकडे, त्या. मुलीने लावलेली सवय. दुसरं काही टाकलं की थुंकतो."

"म्हणजे मुलाला रोज नुसती मिठाई. पोट भरतं, अंगी लागत नाही. याला डब्यातले कोरडे दाणे हवेत, माशांचे. सोललेला मटार, कवचासकट कोळंबीचा तुकडा. तो खायला लागला की खड्डे हळूहळू भरतील. अळ्या चालू राहिल्या तर भोकं पडतील, मग माझ्याकडे येऊ नका."

"किती दिवस लागतील?"

"हट्टी जात आहे. आठवडाभर उपाशी राहून दाखवेल. मरणार नाही. तुम्ही विरघळू नका म्हणजे झालं."

"मी? माझ्याबद्दल जरा बाहेर चौकशी करा."

"केलेली आहे," तो हसला. "माझे वडील होते तुमच्या इस्पितळात. वीस दिवस तुमच्या नावाने बोटं मोडत होते."

"घरी कसे गेले?"

"चालत."

"मग झालं तर. द्या दाणे."

धाकटीने सांगितलं, तो दाणे खायला लागला की त्याच दिवशी कळव, येऊन घेऊन जाते. तिच्या गावात अळ्या मिळत नाहीत, आणि मिळाल्या तरी आता नकोत. तोवर रोज सात वाजता फोन करेन. आणि तोंड दिसेल असाच, म्हणजे खड्डे बघता येतील.

रोज. सुनेने फोन टाकीसमोर डब्याला टेकवून ठेवायचा आणि मी दाणा टाकायचा. जावईबापू यायचे, दाणा तोंडात घ्यायचे, दोनदा चावल्यासारखं करायचे आणि फुर्रकन बाहेर. विहीणबाई तळाशी वाट बघत असायची, तिची चंगळ.

"थुंकला," धाकटी तिकडून म्हणायची.

"थुंकू दे. मी मोठमोठ्या अधिकाऱ्यांना थुंकताना पाहिलंय."

ती हसायची. आठ महिन्यांनी मला तिचं हसणं दिसत होतं. ती माशाकडे बघायची आणि मी तिच्याकडे. डोळ्यांखाली काळं आलंय. कोपराला खरचटलंय, विचारलं तर सांगणार नाही. मागे खुर्चीवर ओला टॉवेल तसाच टाकलेला. शेगडीवर एकच पातेलं. एके दिवशी पातेलंही नव्हतं, पाकीट होतं. मी ओठ आवळून घेतले. बोलले असते तर ती फोन टाकीकडे वळव म्हणाली असती, आणि मला टाकीच दिसली असती.

मग बोलता बोलता ती इतर काही सांगायला लागली. पाळण्याचा दोर कसा कचकन हलला. बरोबरचा माणूस पुलाखाली बसून बासरी शिकतो आणि एकच सूर चार महिने वाजवतो. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. मला सात वाजायच्या आधी केस विंचरायची सवय लागली. सुनेने ते पाहिलं. "आई, जावयासाठी एवढं नटायचं?" म्हणाली. मी म्हणाले, तू आपली कणीक मळ.

नवव्या दिवशी दुपारी, घरात कोणी नसताना, मी सहज एक दाणा टाकला. जावईबापूंनी घेतला. दोनदा चावला. मी थुंकण्याची वाट बघत उभी. तो काही बाहेर आला नाही. मी दुसरा टाकला. तोही गेला. वर येऊन तोंड उघडून माझ्याकडे बघायला लागला, अजून कुठे आहे म्हणून.

मला आनंद व्हायला हवा होता. मी जिंकले होते. हात पुसून फोन उचलला आणि परत ठेवला. आज सांगितलं की ती येईल, घेऊन जाईल. मग पुन्हा रविवार. तीन मिनिटं.

सात वाजता तिने विचारलं, "आज?"

"छे," मी म्हणाले. "ढिम्म."

सगळ्या आयुष्यात मी पथ्याच्या बाबतीत खोटं बोलले नव्हते. ते किती सोपं असतं ते तेव्हा कळलं.

पण खोट्याला पुरावा लागतो. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, टाक बघू दाणा, मला बघू दे. टाकला असता तर त्याने गिळला असता. "आता नको, दमलाय," म्हणून वेळ मारून नेली. असं रोज कसं चालणार? म्हणून तिसऱ्या दिवशी साडेसहाला मी फ्रिजच्या वरच्या कप्प्यातून, बर्फाच्या मागून, अळ्यांची वडी काढली. एक नाही, दोन टाकल्या. जावईबापू वेड्यासारखे तुटून पडले. सातला पोट टम्म. दाणा घेतला आणि फुर्रकन बाहेर.

"हट्टीच आहे गं," धाकटी म्हणाली. तिचा आवाज एवढा उतरला की मला वाईट वाटलं. पण त्या दिवशी ती अर्धा तास बोलली.

असे बारा दिवस गेले. मासा हुशार असतो. साडेसहा वाजले की काचेला नाक लावून बसायचा आणि दाण्याकडे दिवसभर ढुंकून बघायचा नाही. थुंकलं की दुसऱ्या दिवशी अळ्या मिळतात, हे त्याच्या एवढ्याशा डोक्यात पक्कं बसलं. आणि ते डोकं मी रोज जवळून बघत होते. खड्डे आता टाचणीचे राहिले नव्हते. पेन्सिलीचं टोक बसेल एवढे झाले होते, कडा पांढऱ्या. सकाळी बघायचे तेव्हा ठरवायचे, आजपासून बंद. साडेसहाला हात फ्रिजकडे जायचा.

नोकरीत असताना एक म्हातारी मी दारात पकडली होती. नवरा लाल बिल्ल्यावर, आणि ही पिशवीत खारे दाणे घेऊन रोज यायची. मी तिला सगळ्या वॉर्डासमोर फैलावर घेतलं. मारायचंय का माणसाला? ती म्हणाली, "बाई, दाणे खाताना तेवढा बोलतो हो माझ्याशी. एरवी भिंतीकडे तोंड करून पडतो." मी म्हणाले, मग भिंतीला सांगा बोलायला, आणि तिचं येणं आठवडाभर बंद करवलं. त्या बारा दिवसांत ती बाई माझ्या डोक्यातून हलली नाही. तिचा चेहरासुद्धा मला आठवत नाही. पिशवी आठवते, निळ्या बंदाची.

तेराव्या दिवशी सातच्या फोनच्या वेळी घरात चष्मेवालाही होता. धाकटीनेच त्याला घरी येऊन बघायला सांगितलं होतं, मला न विचारता. त्याने टाकीत बॅटरी मारली, माशाचं पोट बघितलं, तळाची घाण बघितली आणि म्हणाला, "मावशी, याला कोणीतरी अळ्या देतंय."

"कोण देणार?" फोनमधून धाकटी. मग तिचा आवाज चढला. "वहिनी! वहिनीच देत असणार. तिला कुणाचं तोंड उतरलेलं बघवत नाही. दादाचंही तेच केलंय तिने. आई, तिला सांग हात आवर म्हणून. त्याचा जीव जाईल."

सून ओट्यापाशी कांदा चिरत होती. सुरी थांबली. तिने माझ्याकडे बघितलं. फ्रिज दिवसातून वीस वेळा उघडणारी बाई ती, वड्या कमी होतायत हे तिला केव्हाच कळलं होतं. नुसती बघत राहिली, आणि परत चिरायला लागली.

ती भांडली असती तर मी तिच्यावर ढकललं असतं. मला माझा स्वभाव माहीत आहे.

"वहिनीने नाही," मी म्हणाले. "मी दिल्या."

"तू?"

"मी. रोज. तुझा फोन यायच्या आधी."

"आई, तू?" तिचा विश्वासच बसेना. "अगं, तू तर बाबांना कधी चमचाभर साखर जास्त... का पण?"

चष्मेवाल्याने बॅटरी विझवली आणि तो आपल्या चपला शोधायला बाहेर गेला.

"तो खायला लागला होता," मी म्हणाले. "दोन आठवड्यांपूर्वीच. दोन दाणे गिळले. सांगितलं असतं तर तू घेऊन गेली असतीस. सात वाजता मग फोन कशाला आला असता?"

पडद्यावर तिचा चेहरा तसाच राहिला. मला वाटलं फोन अडकला. मग ती म्हणाली, "त्याच्या डोक्याला भोकं पडलीत, आई," आणि फोन बंद झाला.

मी अळ्यांच्या सगळ्या वड्या आणल्या आणि सुनेसमोर कचऱ्यात टाकल्या. तिने कचऱ्याची पिशवी बांधून बाहेर नेऊन ठेवली. परत येऊन म्हणाली, "चहा टाकू का?" मी हो म्हणाले. एवढंच आमचं बोलणं.

पुढे सहा दिवस सात वाजले आणि फोन वाजला नाही. मी टाकीसमोर स्टूल घेऊन बसायचे. पहिले चार दिवस त्याला काहीच दिलं नाही, चष्मेवाल्याने तसंच सांगितलं होतं. जावईबापूंनी मोठं नाटक केलं. तळाशी कुशीवर पडून राहिले, पट्टे फिके केले.

"आई, हे गेले वाटतं," सून घाबरून म्हणाली.

मी काचेवर टिचकी मारली. वरचा डोळा फिरला, मला बघितलं, परत स्थिर.

"मेलेलं माणूस असं चोरून बघत नाही," मी म्हणाले. "पड म्हणावं. माझ्याकडे वेळच वेळ आहे."

वेळ खरंच होता. बघायला कोणी नव्हतं, सांगायला कोणी नव्हतं. पाचव्या दिवशी दाणे लसणाच्या पाण्यात भिजवले, वासाने तोंड उघडतात म्हणे. थुंकला. सहाव्या दिवशी सकाळी मटार उकडून सोलून टाकला. थुंकला. संध्याकाळी पुन्हा दाणा. घेतला, चावला, अर्धा बाहेर सांडला, अर्धा गिळला. मग सांडलेला अर्धा, विहीणबाई पोचायच्या आत, मान खाली करून उचलला. नंतर आणखी तीन.

घड्याळात सात वाजून दहा झाले होते. मी सुनेला म्हटलं, तिचा नंबर लावून दे. सुनेने एकदा माझ्याकडे बघितलं आणि लावून दिला.

"हं," धाकटी म्हणाली.

"खाल्लं. चार दाणे. गिळले."

"नक्की? की परत—"

"वहिनीला विचार."

सुनेने फोन घेतला. "वन्सं, खरंच खाल्लं. माझ्या डोळ्यांदेखत. आणि सहा दिवस आईंनी त्याला नजरेआड होऊ दिलं नाही."

धाकटी म्हणाली, शनिवारी येते, आणि ठेवला.

आली ती झाकणाचा मोठा ड्रम आणि बॅटरीवरचा पंप घेऊन. सकाळी आली, दुपारच्या गाडीने जायचं होतं. बारीक झालीय. मी जेवायला वाढलं, तिने ताटातलं सगळं खाल्लं, तिखटसुद्धा मागितलं नाही, आणि ते मला बरं वाटलं नाही. परक्याच्या घरी जेवावं तशी जेवली. मग टाकीशी बसली. खड्ड्यांच्या कडा जरा उजळल्या होत्या. "भरतील," ती म्हणाली. "भरतील," मी म्हणाले. ड्रममध्ये दोघं मावेनात, म्हणून विहीणबाई इथेच राहिली.

दारात रिक्षा उभी. माझ्या तोंडात आलं होतं, रविवारपर्यंत राहा ना. मी म्हणाले, "झाकणाला हवेची भोकं ठेव."

"ठेवलीत," ती म्हणाली. खाली वाकून नमस्कार करता येईना, ड्रम हातात होता. नुसती मान हलवली.

त्या दिवशी सात वाजले. दुसऱ्या दिवशी वाजले. टाकीत पाणी तेवढंच होतं आणि एक विहीणबाई काचेला तोंड लावून माझ्याकडे बघत होती. पुढच्या रविवारी फोन आला. मासा बरा आहे, खातोय. तू बरी? बरी. मी मिनिटं बघितली नाहीत.

बुधवारी सुनेला न सांगता मी फोन घेतला. नावं मला पटकन वाचता येत नाहीत, पण तिचा फोटो आहे, पिवळं शिरस्त्राण घातलेला. त्याच्यावर बोट ठेवलं.

"आई? काय झालं?" ती घाबरलेली. "दादा ठीक आहे ना?"

"सगळे ठीक."

"मग? तो पण ठीक आहे. आत्ताच मटार खाल्ला."

"मी माशाचं कुठे विचारलं?"

"मग कशाला केलास?"

"असाच."

तिकडे मागून चुर्र आवाज येत होता, कढईत काहीतरी पडल्याचा.

"आई, मी भाजी टाकलीय," ती म्हणाली. "करपेल. थांबशील?"

"थांबते."

"ठेवू नकोस. मी ओट्यावर ठेवते फोन. मला बोलता यायचं नाही दोन मिनिटं."

"ठेव."

फोन ओट्यावर टेकल्याचा टक् असा आवाज आला. मग उलथनं. मग नळ. तिने झाकण ठेवलं, लगेच काढलं, परत ठेवलं. आच मोठी होती, एवढ्या लांबून मला कळत होतं, बारीक कर, असं अगदी जिभेच्या टोकावर आलं. मी फोन कानाला घट्ट धरला आणि काही बोलले नाही. ती काहीतरी गुणगुणत होती. मी खुर्ची ओढून बसले.